खाच

आठशे येनला मिळालं हे भिंग,
‘नादुरुस्त, जसं आहे तसं’ लिहिलेल्या टोपलीत,
दोन मेलेल्या फ्लॅशखाली.
आणि ते माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसवणारा ॲडॅप्टर
चाळीस हजारांचा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
हिशेब मी घरी सांगितलेला नाही.

या भिंगाला स्वतःची मोटर नाही.
त्या काळी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात असे
आणि भिंगाच्या पाठीवर एक खाच,
तांदळाच्या दाण्याएवढी.
कॅमेरा तिच्यात आपलं लोखंडी बोट घालून
भिंगाला मागेपुढे फिरवायचा.
नव्या कॅमेऱ्यांना असं बोटच नाही.
ते आता मधल्या कड्यात आहे,
उसनं,
दोन्ही घरांची बोलणी खाणारं.

मी कवळ्या बनवतो.
दिवसभर दुसऱ्यांचे दात, रात्री या भिंगाचे दाते.
कुठला झिजलाय, कुठला अडतोय
हे आधी बोटाला कळतं, मला मागाहून.

रविवारी साकाईत, ट्रामच्या थांब्यावर,
समोरच्या सुऱ्यांच्या दुकानाची पाटी टिपत होतो.
घर्रर्र-टक्. घर्रर्र. टक्.
नवी भिंगं मांजराच्या पावलांनी चालतात;
हे म्हणजे लाकडी जिन्यावरून ट्रंक उतरवणं.
बाकावरची बाई म्हणाली,
“पन्नास एमएम. एक पूर्णांक सात.”
मान न वळवता.
मांडीवर कांद्याच्या पातीची जुडी.

त्सुरुमोतो सायो.
शहाऐंशीपासून बारा वर्षं, तिसरी रांग,
दिवसाला दोनशे दहा नग.
चाकं बसवायची, आटा फिरवायचा,
कानाशी धरायचं,
आवाज पटला तर पुढच्या बाईकडे.
कारखाना कुठे होता ते तिने हनुवटीने दाखवलं:
तिकडे, औषधांच्या दुकानामागे.

हात पुढे केला. मी भिंग काढून दिलं.
काचेकडे तिने पाहिलंही नाही.
उलटं केलं, अंगठ्याचं नख खाचेत घातलं
आणि डोळे मिटून
या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेलं.
“ग्रीस सुकलंय. दुसऱ्या चाकाचा एक दाता खाल्लेला.
हे माझं नाही. माझं इतकं खरखरायचं नाही.”
ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली.
“असेलही,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं म्हणजे.”

फोटो काढू का, विचारलं.
तिने पात पिशवीत सरकवली.

हिरवा चौकोन तिच्या डोळ्यावर
पापणी लवायच्या आत जाऊन बसला.
पण कॅमेऱ्याला कळलं
म्हणून भिंग पोचलं असं होत नाही.
ते निघालं ते तिला ओलांडून औषधांच्या दुकानावर,
तिथून विजेच्या तारांवर,
अनंतावर जाऊन आदळलं, टक्,
आणि परत फिरलं ते इतकं अलीकडे आलं
की आख्खी बाई धुकं झाली.
पुन्हा निघालं.
ती हसू दाबून बसलेली.
ओठ हलत होते.
आटे मोजत असावी.
टक्.

पडद्यावर मोठं करून पाहिलं.
डोळे मऊ, जरा वाहून गेलेले.
नाकाचा पत्ता नाही.
पण कान!
कानाची वळणं, पाळीवरची बारीक लव,
चष्म्याच्या दांडीने पाडलेला वळ,
सगळं नुकतं धार लावून ठेवल्यासारखं.

“चुकला,” मी म्हणालो. “चार बोटं मागे बसला.”
तिने कॅमेरा हातभर लांब धरला,
मग जवळ.
“हं,” म्हणाली, “तपासणी तिथेच व्हायची.”

पुढची ट्राम वळणावर दिसली तशी उठली.
“ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढंच.
शिलाई मशीनचं तेल अजिबात नको.
आणि रात्री फिरवत बसू नकोस,
शेजारी झोपलेले असतात.”

पायरी चढताना तिने दांडा धरला.
अंगठ्याचं नख काळं झालं होतं.
पुसलेलं नव्हतं.